त्या वेळी काय करत होतात

सोहारच्या दवाखान्यात छातीला पाच चिकट टिकल्या लावल्या,
कमरेला एक यंत्र, काडेपेटीहून जरा मोठं,
आणि हातात छापील कागद:
धडधडलं तर वेळ लिहा,
आणि त्या वेळी काय करत होतात.
चोवीस तास. आंघोळ नाही.

दुपारी दोनला गोदामात सुपरवायझरने दोन नावं वाचली,
तिसऱ्याला अडखळला.
तिसरं माझं नव्हतं.
मी लिहिलं: उभा होतो.

चार पाच.
पगार दीड महिना मागे, पेटाऱ्याच्या सावलीत
तेजपालचा डबा उघडाच, तो फोनवर कुणाला तरी हात जोडतोय.
लिहिलं: चहा.

नऊ चाळीस. वृंदा.
ईश्वरीची फी, गळकं छप्पर, दिरांचं ते नेहमीचं.
मग, "तुमचं कसं?"
शर्टाचं वरचं बटण मी आधीच लावलं होतं,
वायर दिसू नये म्हणून.
ठणठणीत, म्हटलं.
हा एक शब्द उच्चारायला
जिना चढल्याएवढा दम लागला.
लिहिलं: फोन.

रात्री दोनला झोपेचा पत्ता नाही.
स्वयंपाकघरात दिवा. परकार.
खेडचा मुश्ताक परकार, खोलीतला माझा सोबती,
एसीच्या रिमोटवरून अकरा दिवसांचा अबोला.
त्याने वायर पाहिली. विचारलं काही नाही.
पायाने स्टूल सरकवलं,
आणि लसणीचा अर्धा ढीग माझ्याकडे लोटला.

सोलत बसलो.
सालं पंख्याने जमिनीभर.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"आमच्या अब्बांना पण बांधलेलं हे."
"मग?"
"मग काय. अजून भांडतात."
मी हसलो तशी एक टिकली ओढली गेली.
लिहायचं राहून गेलं.

सकाळी सुदानी डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट फिरवतात:
इथे उसळी. इथे. आणि ही नऊ चाळीसची, बघा.
मग बोट सावकाश होतं.
दोन ते तीन.
"इथे गाढ झोपला होतात."
मी मान डोलावली.
गोळ्या दिल्या. मीठ कमी. टेन्शन घ्यायचं नाही.

पट्टा सोडवताना नर्सने तो नाकाशी नेला,
माझ्याकडे पाहिलं.
"लसूण," मी म्हटलं.
"चांगली असते हार्टला."
"हो," म्हटलं.
"नुसती सोलली तरी."