फॉर्म सी

केरीच्या धक्क्यावर एकतीस वर्षं दोर फेकला मी.
फेरीबोट लागायची, फळी खाली यायची,
माणसं उतरायची: मासळीच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडं,
एकदा तर एक म्हैस, अर्ध्या नदीत हंबरलेली.
कुणाला विचारलं नाही, नाव काय, कुठून, कशाला, परत कधी.
चालत येणाऱ्याला तिकीटही नव्हतं.

आता मागच्या दोन खोल्या भाड्यानं देतो
आणि हेच सगळं विचारतो,
निळ्या रेघांच्या लांब वहीत.

आधी वाटलं, आपलं घर, आपली खाट,
चादर धुतली की झालं.
मग पंचायतीतल्या न्हानू शेटगांवकरानं
चहा पीत पीत समजावलं (चहा माझाच)
की फुकट राहिला तर पाहुणा,
पैसे दिले की पर्यटक,
आणि पर्यटक झोपतो ती खोली सरकारला ठाऊक असावी लागते.
कचऱ्याचे पैसे वेगळे. ना हरकत दाखला लागेल.
त्यासाठी आधी घरपट्टी भरलेली लागेल.
घरपट्टी भरायला गेलो तर घर बापाच्या नावावर.
बाप एकोणऐंशीत गेला.

सहा खेपा पणजीला. पर्यटन खात्यातल्या फुर्तादोबाईंनी
नकाशा उलटा धरून विचारलं, संडास कुठं दाखवलाय?
मी बोट ठेवलं.
ते फणसाचं झाड निघालं.

वीजवाल्यानं मीटर बदलला, धंद्याचा दर लावला.
जुना मीटर आळशी होता,
हा रात्रीचाही जागा असतो.
शालननं जीएसटीचं विचारलं. म्हटलं,
एवढी कमाई झाली तर पेढे वाटून भरू.
प्रमाणपत्र आलं ते चौकट करून
देव्हाऱ्याशेजारी नव्हे, मीटरशेजारी लावलं.
तपासणीवाल्याची नजर तिथं आधी जाते.

चवथीला गौरेश आला. स्विंडनहून, तीन वर्षांनी.
त्याच्याच त्या खोल्या, तसं म्हटलं तर.
लग्न झालं की राहील म्हणून बांधलेल्या,
फरशी त्यानंच निवडलेली.
पासपोर्ट मेजावर टाकून आंघोळीला गेला.
लालसर, पोर्तुगालचा.
ज्या बापाचं नाव मी घरपट्टीवरून एवढ्या खटपटीनं काढलं
त्याच्याच जन्माच्या नोंदीवर मिळालेला.

न्हानूला फोन केला.
‘परदेशी नागरिक ना? मग चोवीस तासांत फॉर्म सी.’
‘अरे, मुलगा तो माझा.’
‘ते कळलं हो. पण तसा रकाना नाही.’

जेवणं झाल्यावर मोबाइल घेऊन बसलो.
नाव मला येत होतं.
जन्मस्थळ: म्हापसा. दिवस पाठ, वेळही पाठ,
वेळ कुणी विचारली नाही.
येण्याचा हेतू: एक यादी उघडली,
पर्यटन, व्यवसाय, उपचार, परिषद.
माटोळी बांधणं त्यात नव्हतं.
दोनदा वर-खाली करून पाहिलं.

मग वही. भाड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.
शून्य बरं दिसेना. आडवी रेघ मारली.

गौरेश केस पुसत आला. एसी लावू का, म्हणाला,
की धंद्याचा दर पडतो?
लाव, म्हटलं.
मागे मीटर सुरू झाल्याचं मला ऐकू आलं,
म्हणजे वाटलं. आवाज करत नाहीत हे नवे.

कोठे जाणार, तिथं तो स्वतःच लिहायला लागला.
मी वही ओढून घेतली,
ते मालकाचं काम आहे.
सगळं पेनानं लिहिलं, नियम तसा आहे.
जाण्याची तारीख तेवढी पेन्सिलीनं.

शालन आतून म्हणाली, खोडरबर कपाटात आहे.
चालतं का ते, न्हानूला विचारायला हवं.