नळ चावतो

दोना इरासिल्दांच्या न्हाणीघरातल्या नळावर
काळी चिकटपट्टी आहे, मुठीएवढी जाड.
सगळ्यात वरचा वेढा सहा वर्षांचा.
जेनिवाल्दो गेले, त्याच्या आदल्या महिन्यातला.

बार्बासेनात जून म्हणजे दात वाजवणारी थंडी,
आणि इथे घरोघरी डोक्यावर वीज टांगलेली:
शॉवरच्या पांढऱ्या टोपणात तापणारी तार,
तारेवरून पाणी, पाण्याखाली माणूस.
यात काही नवल आहे असं कुणालाच वाटत नाही.
मलाही नाही. माझं तर पोट त्यावर आहे.

"जरासं चिमटतं, एवढंच," त्या म्हणाल्या.
"मी स्लिपर घालून अंघोळ करते.
नळ बंद करताना तेवढा श्वास रोखायचा."
पंचेचाळीस वर्षं.
"अंगवळणी पडलंय आता."

मला बोलावलं तायनानं.
म्हणजे फोन तिच्या आईनं केला, इरासिल्दांच्या भाचीनं,
पण सुट्टीला आलेली सहा वर्षांची तायना
ओल्या अंगानं, अनवाणी, दारात येऊन म्हणाली होती:
तुमचा नळ चावतो.
त्या घरात हे तोवर कुणी बोललं नव्हतं.

मी मेन स्विच खाली ओढला.
रेडिओ ऐन गोलच्या आधी गेला,
फ्रिजनं उसासा टाकला.
तरी टेस्टर लावला. मग पुन्हा एकदा लावला.
बंद केलंय म्हणणं वेगळं, बंद असणं वेगळं;
हे मला शिकवलं त्या माणसाच्या
उजव्या हाताला तीनच बोटं होती.

टोपण उघडलं. तीन वायरी.
दोन भिंतीत गेलेल्या.
तिसरी, हिरवी, कापून, गुंडाळून आतच दडपलेली,
पाहुण्यांसमोर न आणायच्या नातेवाइकासारखी.
"ती जास्तीची," त्या म्हणाल्या.
"जेनिवाल्दो म्हणायचे, हिच्यावाचूनही पाणी तापतं."

तापतंच. खोटं कुठे होतं?

विजेचं कुणाशी वैर नसतं, दोना.
तिला फक्त जमिनीत जायचं असतं, माहेरी.
वाट दिली तर वाटेनं जाते,
नाही दिली तर
ओल्या हातातून, छातीतून, अनवाणी टाचेतून.
मधे कुणी सहा वर्षांचं उभं आहे
हे तिला दिसत नाही.

(हे सगळं मी मनातच म्हणाले.
तोंडानं म्हणाले, फावडं आहे का?)

परसात, जाबुतिकाबाच्या झाडापलीकडे
तांबड्या मातीत आठ फुटी सळई ठोकली.
दुपार त्यातच गेली.
शेजारचा ओस्मारिन्यो कुंपणावरून विचारी, विहीर का?
हिरवी वायर भिंतीतून आणली,
आणि बोर्डात असा ब्रेकर बसवला
जो गळतीचा वास आला की आधी पडतो, मग विचारतो.

राहिला नळ.
मी चाकू काढला तशा त्या मधे आल्या.
"ते राहू दे."

मग सांगितलं.
थंडी पडायच्या आधी, आठवण झाली की,
ते एक वेढा घालायचे, पट्टी दातानं तोडायचे,
आणि नळ स्वतः फिरवून बघायचे.
आधी त्यांचा हात, मग हिचा.
कधी चेहरा वाकडा व्हायचा.
म्हणायचे, थांब, अजून एक घालू.

पट्टीखाली पाणी मुरलं होतं, हिरवा गंज.
माणूस चांगला होता.
अर्थिंग नव्हतं.

हळूच कापलं. अख्खं कडं निघालं,
त्यावर बोटांचे खळगे.
त्या ते घेऊन स्वयंपाकघरात गेल्या,
कुठे ठेवावं ते सुचेना,
शेवटी मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं.

मी म्हणाले, आता करा अंघोळ, मी थांबते.
कॉफी निवली. दाराबाहेर स्लिपरचा जोड.
पाण्याचा आवाज बराच वेळ.
मग नळ बंद झाला, आणि आतून त्या ओरडल्या:
"तरी श्वास रोखलाच गं मी!"