थाटीपूर, बुधवार

साडेपाचला ए.जी. ऑफिसातून सुटते,
टेम्पोत कडेची जागा धरते,
आणि पडावचा पूल येईपर्यंत
तालीम सुरू झालेली असते:
"भैया, रोकना."
मनात सात वेळा. तोंडातून एकदाही नाही.
दुसऱ्या कुणी थांबवला की त्याच्यामागून उतरते
आणि तेवढं अंतर उलट चालत येते.

हे भदौरिया मॅडमना सांगायला
तीन महिने लागले.
त्या हसल्या नाहीत.
चालताना वाटेत काय लागतं, एवढंच विचारलं.
एक पिठाची गिरणी, म्हटलं. एक बंद दवाखाना.
गिरणीवाल्याला वाटतं मी तिकडेच राहते.

त्या विचारतात, घबराहट कहाँ होती है?
घबराहट म्हणजे उधळलेलं घोडं.
माझं तसं नाही.
माझ्याकडे धाकधूक आहे,
ती जोडीनं येते, चहा नको म्हणते
आणि रात्री उशिरापर्यंत उठत नाही.
धाकधूक, मॅडमनी वहीत लिहिलं,
आणि बरोबर लिहिलं का, ते मला दाखवलं.

एका बुधवारी श्वास मोजायचे.
एका बुधवारी लहानपण.
एकदा समोर रिकामी खुर्ची, तिच्याशी बोला म्हणे;
मी तिच्यावरची धूळ पुसली, तेवढंच झालं.
शेवटी विचारलं, तुमची पद्धत नक्की कोणती?
नियमावली असेल ना काही?
त्या म्हणाल्या, गुदड़ी किस कपड़े की होती है?
मला हे उत्तर आवडलं नाही.
घरी येऊन गोधडी उलटी करून पाहिली.
तुकडे सतरा घरचे.
टाका एकाच हाताचा.

मग तक्ता दिला, घरी भरायला.
विचार. पुरावा. उलट पुरावा.
चोवीस वर्षं लोकांची खाती तपासलेली बाई मी,
हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला.

"सगळे मला हसतात."
व्हाउचर जोडलेलं नाही.
"एक आकडा चुकला की सगळं कोसळेल."
रक्कम अंदाजे. सही कुणाची, वाचता येत नाही.
"हेमांगीला उभं करू नका, ती विसरते."
दिनांक जानेवारी १९८८, शाळेचं स्नेहसंमेलन.
मुदतबाह्य.
इतकी वर्षं हे पास कुणी केलं?
खाली पाहिलं तर
अक्षर माझंच.

एक नोंद मात्र खरी निघाली.
आईचा फोन वाजत होता, दुपारी दोन वीसला,
आणि मी नेहमीसारखी
आधी काय बोलायचं ते जुळवत बसले.
वाजायचा थांबला.
याला वेळ आहे, तारीख आहे, साक्षीदार आहे.
मॅडमनी यावर उलट पुरावा मागितला नाही.
पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला
आणि तासाच्या वर वीस मिनिटं
घड्याळाकडे पाठ करून बसल्या.

बरं वाटतं का, लोक विचारतात.
म्हणजे लोक विचारत नाहीत, कुणाला ठाऊकच नाही.
मीच विचारते, गॅसचा कॉक
तिसऱ्यांदा बघायला न जाता
जिन्यात उभी राहून. पाय थरथरतात.
पण जिन्यातच असतात.

काल पडाव गेलं,
तालीम चौथ्या खेपेला आली होती,
आणि एकदम मोठ्यानं निघालं
ते भलतंच, घरातलं:
"अहो, थांबवा!"
टेम्पोवाल्याला कळलं की तो दचकला, देव जाणे.
थांबला.
मी उतरले. सुटे पैसे मोजत होते
तर माझ्यामागून आणखी एक बाई उतरली,
पिशवी छातीशी धरून, काही न बोलता,
आणि आलेल्या रस्त्यानंच
उलट चालू लागली.