शेरा

चोपड्याच्या अलीकडे तापीचा गाळ खोल आहे,
काळा दगड फार खाली. म्हणून खोपी तिथे बांधली:
सातपुड्याचं सागवान, खिळे सगळे तांब्याचे.
आत धाग्याला टांगलेलं चुंबक, अंधार,
आणि दिवसातून एकदाच फिरणारा कागदाचा रूळ.

लोखंड बाहेर.
माझ्या पायजम्याला नाडी, पट्टा नाही.
किल्ल्या, अडकित्ता निंबाखालच्या फळीवर.
सुपडू पाण्याचा गाडा आणायचा,
दोन चाकांना धावा, आठ खुरांना नाल.
तो निंबाशीच थांबायचा, शंभर पावलांवर,
आणि तिथून तांब्याचा हंडा खांद्यावर.

जुलै बासष्ट. नऊ तारखेचा कागद
दहाला सकाळी तांबड्या दिव्याखाली धुतला.
रेघ वर येत गेली, संथ,
झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.
दुपारी अडीचला एक दात.
बारीक. तांदळाच्या कणीएवढा.

पाणी अडीचलाच यायचं.
"मना गाडा निंबखालेच व्हता, भाऊ."
मी कागदावर विश्वास ठेवला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: बैलगाडीमुळे व्यत्यय.
दीड रुपया रोज होता त्याला. तो बंद झाला.

ऑगस्टात मुख्य कचेरीचं पत्र:
नऊ तारखेला, अडीचला, तुमच्याकडेही उमटलं का?
सगळीकडे उमटलंय.
पॅसिफिकवर, चारशे किलोमीटर उंच,
अमेरिकेने बॉम्ब फोडला त्या क्षणाला.

पेपरात आलं होतं.
मी वाचलंही होतं, चहाबरोबर.

लाल शाईने शेरा खोडला.
खोडलेलं वाचता येत होतं.

सुपडू दिवाळीनंतर सापडला, धरणगावच्या जिनात,
पापण्यांवर कापूस, हातात गाठी ओढायची लोखंडी आकडी.
मी सवयीने एक पाऊल मागे सरलो.
मग सांगितलं: पृथ्वीभोवती रेषा असतात, दिसत नाहीत,
एकीकडे कुणी धक्का दिला की
दुसरीकडे, आपल्या तापीकाठीसुद्धा...
तो ऐकत राहिला.

"कितला मोठा व्हई तो गाडा?"

मी हात पसरले. पुरले नाहीत.

"मंग त्याना निंब कोठे शे?"

भोंगा झाला. तो आत गेला.