साल

एव्होरा गावात, औषधाच्या दुकानावर
माझ्या दोन खोल्या, मध्ये सतरा पावलांचा बोळ.
डावीकडे बेल्मिरू कारापीसू, बुचाच्या झाडांचा मालक,
टोपी गुडघ्यावर, गुडघा हलता.
उजवीकडे लिओनिल्द विदिगाल,
बाटल्यांची बुचं करणाऱ्या कारखान्याची मालकीण,
समोर बारा फायली आणि चष्म्याचं रिकामं घर.

भांडण साधं, म्हणजे पैशाचं:
शेहेचाळीस हजार बुचं वाइनवाल्याने परत केली,
बाटलीबाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास.
ती म्हणे, साल मातीवर रचली होती.
तो म्हणे, तुमचं उकळायचं पाणी शिळं होतं.
दोघांच्या वकिलांनी एकमेकांना
इतकी नम्र पत्रं लिहिली होती
की वाचताना दात शिवशिवत.

कोर्टात तारीख मिळाली असती. तारखेमागून तारीख.
इकडे झाडाची साल काढली की
उघड्या तांबूस खोडावर पांढरा आकडा रंगवतात,
त्या सालाचा शेवटचा,
आणि नऊ वर्षं कोणी कुऱ्हाड लावत नाही.
बेल्मिरू सकाळीच म्हणाला होता,
"निकाल लागेल तोवर नवी साल येईल.
विकायला मी नसेन."
मी हे लिहून घेतलं नाही. मी काहीच लिहून घेत नाही.

कोण खरं, ते ठरवणं माझं काम नाही.
माझं काम सतरा पावलांचं:
इकडचा राग तिकडे न्यायचा,
वाटेत थोडा सांडू द्यायचा.
आणि "फक्त तुम्हाला सांगतो" म्हणून जे हाती येतं
त्यासाठी माझ्या तोंडाला बूच.

तिसऱ्या फेरीला, अडीचच्या सुमारास,
तो टोपीशी बोलल्यासारखा बोलला:
"होती. मातीवरच होती. अकरा दिवस.
शेड मोकळी होती, माणसं नव्हती.
माझ्या भावाला त्या आठवड्यात पुरलं, आर्मिंदूला.
तिने फुलं पाठवली नाहीत.
तेवीस वर्षांचा व्यवहार, आणि फुलं नाहीत."
त्याचा वकील खिडकीबाहेर बघू लागला.

मी विचारलं, यातलं तिकडे काय नेऊ?
खाली दुकानाची घंटी दोनदा वाजली.
"काही नको."
मग, बऱ्याच वेळाने,
"तारीख ने. फक्त तारीख."

सतरा पावलं.
मी म्हटलं, चौदा ऑक्टोबर.
तिच्या वकिलाला वाटलं, मी मुदतीचं बोलतेय.
तिने पाचवी फाईल ओढली, बोट खाली खाली नेलं.
चौदा ऑक्टोबर: तिचीच तीन पत्रं,
माल कधी, माल कधी, करार वाचा.
त्यांच्यामागे बेल्मिरूच्या मुलीची एक ओळ,
तेव्हा सबब समजून टाचणीने लावलेली.
तिने ती वाचली.
चष्मा काढला, घरात ठेवला, घर मिटलं.
मला वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली, "साठ-चाळीस."
सकाळपासून शंभराच्या खाली उतरली नव्हती.

सहा वाजता पंचावन्नावर सह्या झाल्या,
आणि शेवटी हाताने लिहिलेलं एक कलम:
साल मातीवर ठेवायची नाही.
घरात कोणी गेलं तर फोन करायचा, पत्र नाही.
वकिलांनी विचारलं, हे कायद्यात कसं बसवायचं?
"नका बसवू," ती म्हणाली.

मिठ्या वगैरे नाहीत.
माझी फी अर्धी-अर्धी, पावत्या वेगळ्या,
पार्किंगचे पैसे कोणी द्यायचे यावर पुन्हा दहा मिनिटं.
मी खिडकी लावत होते तेव्हा खालून ऐकू आलं,
"खरं सांगू? तुझा भाऊ मला कधी आवडला नाही."
आणि तो, गाडीचं दार उघडं धरून,
"मलाही."

हे मी सांगायला नको होतं.
म्हणून नावं बदलली आहेत, साल बदललं आहे.
तारीख तेवढी
आहे तीच ठेवली.