चारशे बारा पावलं

ऐरोलीच्या त्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर
खाकी कागद लावला भिंतभर.
एका टोकाला लिहिलं ‘रुग्ण’, दुसऱ्या टोकाला ‘निष्कर्ष’,
मधल्या सात फुटांत चिठ्ठ्या चिकटवत बसलो.
खिडकीतून खाडी दिसत नाही,
ओहोटीला तिचा वास तेवढा येतो.

पिवळी चिठ्ठी म्हणजे काम.
निळी म्हणजे थांबणं:
‘सही बाकी’, ‘मॅडम जेवायला गेल्यात’,
‘शिक्का कपाटात, कपाट बंद’.
संध्याकाळपर्यंत भिंत निळी पडली.

एका संशोधनाच्या मंजुरीला एकोणसाठ दिवस.
त्यात कागदाला माणसाचा हात लागला
तो चाळीस मिनिटं.
उरलेला काळ तो नुसता ट्रेमध्ये पडून,
कुणाच्या तरी पालथ्या चष्म्याखाली.

घागमामांना विचारलं,
रक्ताची नळी घेऊन तुम्ही जाता कसे?
त्यांनी नकाशावर बोट ठेवलं
आणि मी लाल पेन घेऊन बोटामागे निघाले.
ओपीडी, बंद लिफ्ट, जिना, बिलिंगची रांग,
तळघर, फ्रीझरला कुलूप,
किल्ली मेट्रनकडे, म्हणजे परत वर.
नकाशाचा पार गुंता झाला.
“चारशे बारा पावलं,” मामा म्हणाले.
मोजलीत कधी?
“नऊ वर्षं मोजतोय. विचारलं नव्हतं कुणी.”

मग फ्रीझर वर आला.
किल्लीला खिळा मिळाला, सह्यांना सोमवार.
एकोणसाठचे एकवीस झाले
आणि आम्ही पेढे वाटले, खरंच.

वझरकर रबाळ्याच्या पंपांच्या कारखान्यातून आलेले,
हुशार, स्टॉपवॉच गळ्यात.
म्हणाले, अजून एक जागा आहे.
संमती समजावायला तुम्हाला सव्वीस मिनिटं लागतात.
व्हिडिओ लावा, सहा होतील.

दुसऱ्या दिवशी समोर मढवीआजी, दिव्याच्या,
बाही वर करून तयारच.
“माजा रगत कवरा लांब जाते गो?”
आधी चारशे बारा पावलं, म्हटलं, आता अडतीस.
(थोडा अभिमान होता आवाजात.)
त्या हसल्या.
“मंग मी लवकर बरी व्हईन?”

कलम नऊ.
या अभ्यासाचा आपल्याला थेट फायदा होईलच असे नाही.
छापील वाक्य, वाचायला चार सेकंद.

मी कागद बाजूला ठेवला.
खुर्ची पुढे ओढली.
घड्याळ चालू होतं, वझरकर दारात होते,
आणि त्यांनीच मग ते खिशात टाकलं.

आजींनी अंगठा दिला नाही त्या दिवशी.
गुरुवारी आल्या, लेकीला घेऊन.

भिंतीवर सगळं लागलंय आता.
ती सव्वीस मिनिटं तेवढी
पिवळी की निळी, ठरत नाही.
चिठ्ठी माझ्या एप्रनच्या खिशात आहे,
दोनदा धुतली गेली,
चिकटत नाही कशालाच.

घागमामा अजून कधी कधी
सवयीनं तळघरापर्यंत जाऊन येतात.