दुसरी ब

नांदेडच्या ड्रेपरीवाल्यानं दोन ट्रंका एसटीत टाकल्या,
चिठ्ठ्या चिकटवताना कुणाशी तरी फोनवर भांडत असणार.
आमची गंगाखेडच्या शाळेत गेली,
शाळेची इथं परभणीत, स्पर्धेला.
पडदा उघडायला पावणेदोन तास,
आणि ट्रंकेत राजमातेचं पांढरं लुगडं नाही,
मुकुट नाही, तलवार नाही,
विषाचा पितळी पेला नाही.
आहेत नुसती डोकी.
हत्ती. अस्वल. ससा, एक कान मोडका.
आणि थर्मोकोलचा चंद्र,
कडेला घास घेतलेला.

चंद्राची भाकर हो.
सशानं चंद्राला उसनी भाकर मागितली ती गोष्ट.
पुनवेला फेडतो म्हणाला
आणि रोज थोडी थोडी त्यालाच खात राहिला.
माझी माय जात्यावरून उठल्यावर सांगायची,
पीठ झटकत.

मुगळीकर सर विंगेत उकिडवे बसले.
तंबाखू मळली, तोंडात टाकायची विसरले.
"घाला डोकी," म्हणाले.
"सर, काय करू लालाव? शोकांतिका हाय आपली."
"मरायचंच आहे ना तुला?
मग सशानं मर."

मी थोरला भाऊ.
एरवी तहसीलात कोतवाल, दवंडीचा आवाज,
पण डोक्याच्या आत आवाज माझ्यापाशीच राहिला.
फेविकॉलचा वास. जुना, लहान घाम.
कपाळापाशी स्केचपेननं लिहिलेलं:
सोपान, दुसरी ब, जिंतूर.
खाली वेगळ्या अक्षरात:
माझं पण.

शैलाताई हत्ती होऊन आल्या तेव्हा हॉल फुटला.
सोंड हलली की हशा,
"या गादीला रक्ताची सवय आहे" म्हणाल्या की हशा.
परीक्षकांपैकी एकानं पेन खिशाला लावलं.
मी मोडका कान सावरत
माझी वाक्यं म्हणत होतो, पाठ केलेली, तशीच,
आणि दोन भोकांतून दिसेल तेवढाच
दरबार होता.

मग दुसरा अंक.
ताजोद्दीन, माझा धाकटा, अस्वल.
पेला नाही म्हणून सरांनी त्याच्या हातात
चंद्र दिलेला.
तो गुडघ्यावर आला, मोडला एक तुकडा,
"दादा, घे."
करकर असा आवाज झाला,
थर्मोकोल मोडताना होतो तो,
दाताखाली खडा आल्यासारखा.

तिसऱ्या रांगेतून एक पोरगं उभं राहिलं:
"सशा! खाऊ नको!"

कुणी हसलं नाही.
पंखे तेवढे फिरत राहिले.

मी खाल्लं. संहितेत होतं.

मरून पडलो तेव्हा एक भोक छताकडं
आणि एक शैलाताईंकडं.
हा त्यांचा उतारा, सगळं रडणं चेहऱ्यावरचं,
पाच महिने आरशासमोर बसवलेलं.
पण चेहरा हत्तीचा,
आणि हत्तीच्या तोंडावर लाल ऑइलपेंटनं
हसू काढलेलं.
आत बाई रडत होती. सोंडेतून नुसता श्वास येत होता.
हत्ती हसतच होता
माझ्याकडं बघून.

रात्री गंगाखेडच्या गुरुजींचा फोन.
त्यांनीही केलाच प्रयोग. काय करणार, पालक आलेले.
सशाच्या पोरानं मुकुट घातला,
चंद्र झालेली पोरगी लुगड्यात गुंडाळून उभी.
"उसनी माग म्हटलं होतं," गुरुजी म्हणाले,
"पण हातात तलवार आल्यावर
ह्यानं मागितलीच नाही."
"मग?"
"दिली की तिनं. सगळी.
लई टाळ्या पडल्या."
थोडं थांबून म्हणाले,
"तलवार काढून घेताना चावला मला."

मेकअपरूमच्या दाराशी ते तिसऱ्या रांगेतलं पोरगं
बराच वेळ उभं होतं.
ताजोद्दीन डोकं काखेत धरून बिडी ओढत होता.
त्याच्याकडं नाही, काखेतल्या अस्वलाकडं बघून
पोरानं विचारलं,
"का दिलं?"
ताजोद्दीननं बिडी विझवली.
त्याचा डायलॉग संपला होता.

सकाळी बसस्टँडवर ट्रंका अदलाबदल केल्या.
चंद्राचा घास आता
आधीच्या दुप्पट होता.
ड्रेपरीवाल्यानं
डिपॉझिटमधून तीनशे कापले.